तळ्याचं तोंड

बातमी आली तेव्हा तळ्याचं तोंड उघडून झालं होतं, हीच तर सगळी पंचाईत.

एक दिवस आधी कळलं असतं तर फावडी भिंतीला टेकूनच राहिली असती. पण नाही. आदल्या दिवशी ओहोटीला सगळं घर वाळूच्या बांधावर उभं होतं. वाऱ्याने आणि लाटांनी वर्षभर बुजवलेलं तोंड हंगामाआधी उकरायचं, समुद्राला आत घ्यायचं, साचून हिरवं पडलेलं तळं भरतीओहोटीने धुऊन काढायचं, हे पाहुणे उतरवून घेणाऱ्या या घराचं दरवर्षीचं काम. पहिलं फावडं नानांनी मारलं. गुडघा धरून मारलं, पण मारलं. मग थोरल्या मुलाने, म्हणजे दादांनी. मग मजुरांनी. भरतीला पाणी असं खळाळत आत शिरलं की आधीच येऊन राहिलेल्या दोन-चार पाहुण्यांनी गच्चीतून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर रेडिओ लागला. दूर समुद्रात, तेलविहिरींच्या पट्ट्यात, एक तेलवाहू जहाज दुसऱ्या जहाजावर आदळलं, ही बातमी तशी जुनी होती. किरकोळ गळती, असं तेव्हा सांगत होते. आज ‘किरकोळ’ हा शब्द कुणी उच्चारला नाही.

थोरलीने कपात साखर घातली, ढवळली, आणि घातलीच नाही असं वाटून पुन्हा घातली.

(दादांची बायको. घरात आली त्या दिवसापासून सगळे तिला थोरली म्हणतात. धाकटी कधी आलीच नाही, कारण भोंगाने लग्नच केलं नाही. तरी ही आपली थोरली.)

&nbsp;

जेवणाच्या खोलीत खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. रंगाचा वास होता. एकच टेबल मोकळं करून त्याभोवती सगळे बसले होते, आणि प्रत्येकाच्या कोपराला थोडा थोडा निळा रंग लागत होता.

“किती लांब आहे ते, आहे का कल्पना?” दादा म्हणाले. “बोटीला जायला रात्र लागते. मध्ये नुसतं पाणी. तेवढ्या पाण्यात तुझ्या तेलाचा थेंबसुद्धा सापडायचा नाही.”

“दादा, जहाज होतं ते,” भोंगा म्हणाला. “कढई नव्हती.”

भोंगा म्हणजे धाकटा भाऊ. कुजबुजला तरी वरच्या मजल्यावर ऐकू जातं म्हणून भोंगा. दादांशी भांडून घर सोडलं आणि त्याच विहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर क्रेन चालवायला लागला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तळं उघडायच्या वेळी मात्र रजा काढून येतो. भांडण तसंच ठेवून येतो.

“हे बघा, पर्यटन खात्याचं निवेदन आलंय,” जावई फोन लांब धरून वाचू लागले. सहली नेण्याचा त्यांचा धंदा. हंगामातले अर्धे पाहुणे तेच पाठवत. “‘पर्यटनाच्या किनाऱ्यांना सध्या कोणताही धोका नाही.’ झालं! आणखी काय पाहिजे?”

“‘सध्या’ परत एकदा वाचा,” ताई म्हणाली. ताई दादांची बहीण, जावयांची बायको. वकिली करते, आणि घरी आल्यावरही ती काढून ठेवत नाही.

“सध्या म्हणजे सध्या.”

“म्हणजे उद्याचं आम्ही बोललो नाही, असं. असली वाक्यं मी रोज लिहिते.”

“बघा नाना, तुमची लेक. माझ्या बाजूने एकदा तरी बोलते का?”

नाना खिडकीतून तळ्याकडे पाहत होते. तळ्यात सात-आठ वर्षांची एक मुलगी काठाला धरून पाय आपटत होती, आणि तिची आई ‘सोड आता, सोड’ म्हणत होती. मुलगी सोडत नव्हती.

थोरलीचं अर्धं लक्ष तिकडेच होतं. अशा मुलांना ती पाठीखाली एक हात धरून पाण्यावर आडवं करायची, आणि बोलता बोलता हात काढून घ्यायची. मुलांना उशिरा कळायचं की आपण तरंगतोय. घर नानांचं, कारभार दादांचा, स्वयंपाकघरात दोन बायका कामाला. या सगळ्या पसाऱ्यात तिचं म्हणावं असं काय, तर ते तळं.

&nbsp;

खोली सात

लाकडी बिल्ला, तळहाताएवढा, वर ७ कोरलेला. किल्ली पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून नानांनी प्रत्येक किल्लीला असा बिल्ला अडकवला होता. दारांना कार्डाची कुलुपं आली तेव्हा जुने बिल्ले बंबात जायचे होते. भोंगाने ते पोत्यात भरले आणि भांडून निघताना बरोबर नेले. मागच्या बाजूला खिळ्याने कोरलंय: *दादा, तू चूक आहेस.* वाळू साफ करताना थोरलीला सापडला. दादा आधी चिडले. मग इतके हसले की ठसका लागला. मग भिंतीवर खिळा ठोकला.

&nbsp;

“मी सांगतो काय करायचं ते,” भोंगा म्हणाला. “आज दुपारच्या ओहोटीला तोंड बुजवायचं. पोती, फळ्या, मिळेल ते. आज पन्हळीएवढं आहे. दोन-तीन भरत्या गेल्या की ओढा होईल, मग कोणाच्या बापाला आवरणार नाही.”

“बाप इथेच बसलाय,” नाना खिडकीतून नजर न काढता म्हणाले.

“कालच उघडलं आणि आज बुजवू?” दादा म्हणाले. “लोक काय म्हणतील? आणि समोरच्या वाळूच्या पुळणीचं काय? तिला पण झाकण लावणार का?”

“पुळणीवर आलं तर खरवडून काढता येतं. दोन वर्षं लाटा धुतात. तळ्याचं तसं नाही.” भोंगाचा आवाज खाली आला, आणि तेच थोरलीला नको झालं. हा माणूस हळू बोलतो म्हणजे काहीतरी पाहून आलाय. “आमच्या बंदराजवळ एक खाडी आहे. मी नोकरीला लागायच्या आधी कधीतरी तिथे तेल शिरलं होतं. आज वरून बघाल तर पाणी आरशासारखं. एकदा मी पाय घालून चिखल ढवळला. रंग उठले रे, दादा. निळे, जांभळे. आणि वास. जुन्या गॅरेजमध्ये येतो तसा. तिथलं कोणी पोरांना पाण्यात सोडत नाही. का सोडत नाही, ते नव्या पोरांना माहीतही नाही. नुसतं सोडत नाही.”

बाहेर ती मुलगी ओरडली, “धर ना मला!”

“बुजवू या,” ताई पटकन म्हणाली. “भोंगा म्हणतो ते बरोबर आहे.”

थोरलीने श्वास सोडला.

“थांब, थांब,” जावई म्हणाले. “बुजवताना गच्चीवरून फोटो निघतील. संध्याकाळपर्यंत सगळीकडे. ‘या घराने स्वतःच तळं बंद केलं.’ मग तेल येवो न येवो, माणूस येणार नाही. या वर्षीही नाही आणि पुढच्याही नाही. आणि शेजारचे किनारे ओरडतील ते वेगळंच. तुम्ही आमचा हंगाम बुडवलात म्हणून कोर्टात खेचतील. खेचतील की नाही, सांग.”

वकिलाला कोर्ट म्हटलं की जी घडी पडते ती ताईच्या कपाळावर पडली.

“खेचू शकतात,” ती म्हणाली. मग कोपराचा निळा रंग नखाने खरवडला. “दादा, मला वाटतं दोन दिवस थांबू या. खात्याने धोका नाही म्हटलंय, ते लेखी आहे. आपण त्यांच्यावर विसंबलो, असं म्हणता येईल.”

“ताई!” भोंगा गरजला. “आत्ता माझ्या बाजूने होतीस!”

“आहेच. पण कागद त्यांच्या बाजूने आहे.”

“बघा,” दादा खुर्चीत मागे टेकले. बऱ्याच वेळाने त्यांच्या खांद्यांचा ताण गेला. “जरा डोक्याने विचार केला की सगळं बसतं जागेवर. अरे, तिथून इथे काही येत नाही. नुसतं भ्यायचं म्हणून भ्यायचं.”

&nbsp;

खोली तीन, खोली अकरा, खोली तीनच पुन्हा

(खोली तीनच्या दोन किल्ल्या होत्या.)

*जेवणात मीठ बेताने टाका.* *नानांचे गुडघे कसे आहेत?* *वहिनी, कंटाळा आलाय.* प्रत्येकावर समुद्रात फेकल्याचा महिना कोरलेला. पश्चिमेचा वारा धरला की बिल्ले लवकर येत; एरवी रेंगाळत. घरातलं कोणी पुळणीवरून ओरडलं, ‘आला गं भोंगा!’ की सगळे पळत. रजा सोडली तर भांडलेल्या भावाचं एवढंच काय ते येणंजाणं.

&nbsp;

दादा मागे टेकले तेव्हा त्यांचं डोकं भिंतीला लागलं, आणि भिंतीवरचे बिल्ले एकमेकांवर टकटकले.

थोरलीला आधी हसू आलं. अगदी ओठांपर्यंत आलं. नवरा म्हणतोय तिथून इथे काही येत नाही, आणि डोक्यावर तिथून आलेलं सगळं लटकतंय.

मग ते हसू तसंच राहिलं आणि त्याच्या आतून थंडी वाजायला लागली. कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. भोंगाच्याही नाही, फेकणारा तो, तरी नाही. इतकी वर्षं ज्याला गंमत म्हणून पाहिलं, त्याच्याकडे कोण वेगळ्या नजरेने पाहणार? बिल्ला यायचा, सगळे हसायचे, खिळा ठोकला जायचा. आणि समुद्र मात्र दर वेळी तेच सांगत होता. मला वाट माहीत आहे. मला वाट माहीत आहे.

ती खिडकीकडे वळली. समोरच्या झाडाची पानं घराकडे वळली होती. पश्चिमेचा वारा.

बोलावं? नणंदेसमोर, जावयांसमोर, नवऱ्याला खोटं पाडावं? वीस माणसांच्या पंगतीत हे कधी उलट बोलले नाहीत तिला, आणि तीही त्यांना. शिवाय बोलली आणि सगळ्यांनी ऐकलं, तर तोंड बुजणार. म्हणजे तळंही गेलंच. समुद्र आत आला नाही तर ते पाणी आठवड्याभरात हिरवं पडेल. मुलं येणार नाहीत. वाचवायचं म्हणून स्वतःच्या हाताने मारायचं. आणि नाही बोलली, तर तो चिखल. तो रंग. बापरे.

तिने दादांकडे पाहिलं. मग, जशी पाहुण्यांसमोर विचारायची तसंच विचारलं:

“अहो, तो सात नंबर कसा आला, ते सांगा ना.”

“आत्ता?” दादा म्हणाले.

“जावयांनी नीट ऐकलं नाहीये कधी.”

“मी? शंभरदा ऐकलंय,” जावई म्हणाले. पण दादांना ती गोष्ट सांगायला कधीच फार आग्रह लागला नव्हता. त्यांनी हात मागे नेऊन न पाहताच सात नंबर खिळ्यावरून काढला. नेहमीसारखा तळहातावर तोलला.

“हा आमचा धाकटा. रागावला की बोलत नाही. तिकडे विहिरींपाशी बोटीच्या कठड्याला उभा राहतो, आणि बिल्ला फेकतो समुद्रात. आणि समुद्र काय करतो? तो थेट इमानाने माझ्या अंगणात आणून...”

इथे पाहुणे हसत. इथे दादा थांबत, मुद्दाम, हसू येऊ देण्यासाठी.

आज ते थांबले, पण मुद्दाम नाही.

त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं. उलटा केला. सुलटा केला. मग हळूच, कोणाला आवाज ऐकू येऊ नये असा, टेबलावर ठेवला.

“आईशप्पथ,” भोंगा म्हणाला, आणि या वेळी खरंच कुजबुजला.

“पोतंभर फेकले असशील तू,” ताई घाईघाईने म्हणाली. “आले किती? मूठभर. बाकीचे कुठे गेले? म्हणजे बहुतेक वेळा येत नाही. बहुतेक वेळा...”

“मूठभर पुरे आहे, ताई,” थोरली म्हणाली. आपला आवाज इतका सपाट कसा आला, हे तिला कळेना. “तळ्याला मूठभर पुरे आहे.”

“तुम्ही मला मूर्ख ठरवायला हे सांगायला लावलंत,” दादा म्हणाले. तिला ‘तुम्ही’ म्हणाले. एरवी अगं-तुगं करणारा माणूस.

“मूर्ख असता तर गोष्ट पुरी केली असतीत.”

कोणी काही बोलायच्या आत नाना उठले. खुर्चीचा पाय ओल्या रंगात सरकला आणि फरशीवर एक निळी रेघ उमटली.

“फावडी कुठे ठेवलीत रे?” ते म्हणाले.

&nbsp;

मग जे झालं ते असं झालं:

दादा सगळ्यांच्या पुढे गेले.

असं नाही झालं. दादा जागचे हलले नाहीत. भोंगा गेला, थोरली गेली, बुटांना वाळू लागेल म्हणून बूट हातात घेऊन ताई गेली. अंथरुणाच्या जुन्या चादरी शिवून पिशव्या केल्या, कारण पोती पुरेनात. ओहोटीचं पाणी तळ्यातून बाहेर धावत होतं, आणि भरलेली पिशवी टाकली की तिला गोल फिरवून समुद्राकडे घेऊन जात होतं. एक गेली. दुसरी गेली. भोंगाने पन्हळीत उतरून पाठ लावली. “माझ्यामागे टाका! अगं ताई, माझ्यावर नको, मागे!”

गच्चीवर माणसं जमली. फोन वर झाले. जावयांनी म्हटलं होतं तसंच.

तेव्हा दादा आले. जेवणाच्या खोलीचं मागचं दार खांद्यावर घेऊन आले, बिजागऱ्यांसकट. कोणाकडे पाहिलं नाही. पन्हळीत उतरले, दार आडवं केलं आणि भोंगाच्या शेजारी त्याला खांदा लावला. दोघे भाऊ, कंबरभर पाण्यात, एकमेकांच्या इतके जवळ कित्येक वर्षांत आले नव्हते.

“चिखल किती वर्षं राहतो म्हणालास?” दादांनी विचारलं.

“पोरं विसरतात तेवढी.”

“दाब मग. दाब.”

दार बसलं. पिशव्या थांबायला लागल्या. थोरली ओंजळीने, फावड्याने, ताटाने, हाताला लागेल त्याने वाळू ओढत राहिली. भरती लागली तेव्हा लाट बांधापर्यंत आली, फुटली, आणि बाहेरच राहिली.

सगळे बांधावर बसले. ती मुलगी आईचा हात धरून आली.

“काय झालं?” तिच्या आईने विचारलं.

दादांनी थोरलीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हे म्हणणार, दुरुस्ती चालू आहे.

“तेल येईल, असं वाटतंय आम्हाला,” ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत गच्ची रिकामी झाली. गाड्यांच्या टपांवर सामान बांधलं जात होतं, आणि घरातला फोन वाजायचा थांबत नव्हता. जावई उचलत होते, “हो, हो, समजू शकतो,” म्हणत होते, ठेवत होते. मध्येच ते दारात आले, म्हणजे दार होतं त्या भोकात आले.

“एक विचारू?” ते म्हणाले. चिडलेले नव्हते. खरोखर विचारत होते. “आणि नाही आलं तर?”

आत फोन पुन्हा वाजला आणि ते वळले.

&nbsp;

नाही आलं.

म्हणजे दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या नाही, त्या आठवड्यात नाही. समुद्र असा निळा होता की डोळ्यांना त्रास व्हावा. हंगामात इतकं नितळ पाणी कधी पाहिलं नव्हतं, असं नाना म्हणाले. शेजारच्या किनाऱ्यावर छत्र्या लागल्या. वारं पश्चिमेचंच होतं. ताई आणि जावई गेले. जाताना ताईने थोरलीला मिठी मारली, जरा जास्तच घट्ट. खात्याचं नवं निवेदन आलं. त्यातही ‘सध्या’ होतंच.

तळं मात्र हिरवं पडायला लागलं. आधी कडेने शेवाळ, मग मधोमध. दुपारी वास यायचा. मेलेले लहान मासे थोरली जाळीने काढायची आणि कोणी पाहायच्या आत पुरायची. घरात तिला कोणी काही बोललं नाही. जेवताना मीठ मागायचं, तेवढं मागायचे. दादा पुन्हा ‘अगं’ म्हणायला लागले. तेच जास्त अवघड होतं.

रोज उजाडताना ती पुळणीवर जायची. बंद खोल्यांच्या ओळीसमोरून, घडी घातलेल्या खुर्च्यांमधून, पाण्याच्या कडेने शेवटच्या खडकापर्यंत. वाळू पाहायची, फेस पाहायची, मग लांब, जिथे काहीच दिसत नाही तिथे. आधी भीतीने जायची, हे तिला पक्कं माहीत होतं; आता कशासाठी, ते नाही. पहिल्या सकाळी लांब एक काळी रेघ दिसली तेव्हा ती खडकाला धरून उभी राहिली होती. मग ती रेघ पंख फडफडवून उडाली होती.

आज पुन्हा काही नव्हतं. खडकाशी दादा उभे होते. तिच्या आधी आले होते. रोज येत असावेत.

“दिसलं का काही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“नाही ना.”

शेजारच्या किनाऱ्यावर कोणाचं तरी पोर पाण्यात आडवं पडून तरंगायला शिकत होतं आणि हसत होतं. ते हसू वाऱ्यावरून सरळ इथे येत होतं.

थोरली खडकावर बसली. एक पाय वर घेऊन तिने तळव्याची वाळू झटकली. नखांच्या कडा पाहिल्या, टाच पाहिली, बोटांच्या बेचक्या. मग दुसरा पाय. कुठे काळा डाग आहे का, अंगठ्याने चोळून पाहिलं.

पाय स्वच्छ होते.

आणि तिच्या मनात जे आलं ते ‘बरं झालं’ नव्हतं. तिने पटकन दोन्ही पाय वाळूत खुपसले आणि दादांकडे पाहिलं, त्यांना कळलं का म्हणून. ते तिच्या पायांकडेच पाहत होते.